तानपुरा थोडा खालीच ठेवा

रात्रीचे साडेअकरा झालेत. कॅलिफोर्नियातल्या डब्लिनमध्ये या वेळेला रस्त्यावर माणूस दिसत नाही. दुहेरी काचांच्या खिडक्या लावल्या की 580 हायवेची घरघरही बाहेरच राहते. ज्यांचे कान वाजतात, त्यांना ही शांतता जड जाते. पुण्यात डोक्यावर पंखा फिरायचा, गल्लीत कुणीतरी रिक्षा चालू करायचं, आणि कानातली शिट्टी त्यातच हरवायची. इथे तिला आडोसा नाही.

उठून बसा. पलंगावर नको, खुर्चीत. झोप लागलीच पाहिजे, ही अट आधी सोडून द्या.

आता तो आवाज ऐका. एरवी आपण त्याच्यापासून पळत असतो. आज जरा त्याच्याकडे तोंड करून बसू. तो उजवीकडे आहे, डावीकडे, की डोक्याच्या मधोमध? रातकिड्यांसारखा किर्र आहे की एकाच बारीक सुरात ताणलेला? चेक संगीतकार स्मेतानाला 1874 मध्ये बहिरेपण आलं. दोन वर्षांनी लिहिलेल्या तंतुवाद्यांच्या चौकडीच्या शेवटच्या भागात त्याने व्हायोलिनवर एक उंच, टोचणारा सूर लांबवला आहे. तो त्याच्या कानातलाच सूर. तुम्हाला काही लिहायचं नाही. नुसतं ऐका, आणि खांदे सैल सोडा.

हा आवाज बाहेर कुठेच नाही. बहुतेक वेळा वयाने किंवा गोंगाटाने अंतःकर्णातल्या केसपेशी झिजतात, मेंदूकडे काही सूर पोहोचेनासे होतात, आणि मेंदू ती उणीव भरून काढायला स्वतःची संवेदनशीलता वाढवतो, असं बरेच संशोधक मानतात. 1953 साली हेलर आणि बर्गमन यांनी नीट ऐकू येणाऱ्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं. काही मिनिटांत 94 टक्के लोकांना कसला ना कसला आवाज येऊ लागला. तुम्हाला हवी असलेली पूर्ण शांतता त्यांनाही मिळाली नव्हती. इथे थोडं थांबा. चार-पाच श्वास जाऊ द्या.

कुणीतरी म्हणेलच, हाच तो अनाहत नाद. हठयोगप्रदीपिकेत साधकाला ऐकू येणाऱ्या नादांची यादी आहे, त्यात बासरी आहे, भुंग्याची गुणगुणही आहे. पण साधक तो नाद शोधत गेलेला असतो; तुमच्या मागे हा न बोलावता लागलाय. रात्र रात्र जागणाऱ्याला ‘भाग्यवान आहेस’ म्हणणं मला थट्टाच वाटतं.

आता तानपुरा लावा. मोबाईलवरचा चालेल, पण इअरफोन नको. फोन टेबलावर ठेवा. पंचम, मग जोडीचे दोन षड्ज, मग खर्ज. मिरजेचे कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत जवारी काढतात, तेव्हा एकाच तारेतून वरचे अनेक सूर उमलू लागतात. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांचं.

आवाज हळूहळू वाढवत जा. शिट्टी बुडत आली की थांबा, आणि जरा मागे या. ती तानपुऱ्याच्या शेजारी पुसटशी ऐकू आली पाहिजे. तिला पूर्ण बुडवायचा मोह होईल. 1970 च्या दशकात पोर्टलंडमध्ये एका कारंज्यापाशी, कान वाजणाऱ्या एका डॉक्टरला आपला त्रास नाहीसा झालेला जाणवला; सोबतचे संशोधक जॅक व्हर्नन यांनी त्यातूनच आवाजाने आवाज झाकण्याच्या उपचाराला चालना दिली. पुढे संशोधक पावेल जस्त्रेबॉफ यांचं म्हणणं असं पडलं, की जे ऐकूच येत नाही त्याची मेंदूला सवय कशी होणार? मला जस्त्रेबॉफ पटतात.

लक्ष पंचमावर ठेवा. तो विरला की शिट्टीवर जाऊ द्या. पुन्हा षड्जावर आणा. ओढाताण नको, लक्ष भरकटेल, त्याला भरकटू द्या. आवडीचं गाणं मात्र आत्ता लावू नका, शब्द ओढून नेतात. अब्दुल करीम खाँसाहेब उद्या दुपारी ऐका, डब्लिनच्या टेकड्यांकडे बघत.

सकाळी बार्ट रेल्वेने सॅन फ्रान्सिस्कोला जाताना खाडीखालच्या बोगद्यात चाकं किंचाळतात. गाणं त्याहून मोठं करून ऐकण्याची सवय असेल तर ती सोडा. तेवढ्यापुरते कानात बोळे घाला.

आणि श्रवणतपासणी करून घ्या. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळांची शिट्टीही मवाळ होते. आवाज एकाच कानात येत असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला टाळाटाळ करू नका. ऐकू येणंच अचानक कमी झालं असेल, तर तानपुरा बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्या दुखण्यावर औषधाचा उपयोग होतो तो सुरुवातीच्या दिवसांतच.