सांगितलं म्हणजे पोचलं का?

बेसिन तुंबलं की आपण जी पांढरी पूड ओततो ती कॉस्टिक सोड्याची असते. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी लेबलांचं काम पाहते, तिथे एकाच बॅचची पूड दोन तऱ्हेच्या डब्यांत भरली जाते. युरोपला जाणाऱ्या डब्यावर लाल कडेचा, टोकावर उभा चौकोन असतो. त्यात दोन नळ्यांतून थेंब पडतात, एका थेंबाखाली धातूची पट्टी झिजते, दुसऱ्याखाली हात. इशारा त्या देशाच्या भाषेत, झाकण लहान मुलाला सहज उघडू नये असं. शिवाय डब्यावर एक उंचवटा दिलेला त्रिकोण, अंध माणसाच्या बोटांना कळावा म्हणून. इथल्या डब्यावर मागच्या बाजूला बारीक इंग्रजी ओळी. आपल्याकडे घरगुती सफाईच्या मालाला लाल चौकोनाची ती पद्धत बंधनकारक नाही, त्यामुळे कायदा दोन्हीकडे पाळलेलाच असतो.

मला धर्मराज आठवतो. द्रोणाचार्यांना अश्वत्थाम्याची बातमी देताना हत्तीचा उल्लेख त्यानं केला होता, पण ऐकू जाणार नाही अशा आवाजात. शब्दशः काही वगळलं नव्हतं, तरी चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. आमच्या बारीक ओळींचा न्याय याच कथेनं करावा असं मला मनापासून वाटतं.

निर्यातीच्या डब्यावरचा लाल चौकोन जीएचएस या रसायनांच्या लेबलांच्या जागतिक पद्धतीतला. १९९२ च्या रिओ परिषदेत सुरुवात झालेली ही पद्धत संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. धोका पदार्थाच्या अंगभूत गुणावरून ठरवायचा, हा तिचा पाया. घरगुती मालासाठी मात्र तिच्याच पाचव्या परिशिष्टात एक पळवाट आहे: दीर्घकाळानं होणाऱ्या अपायाबाबत, नेहमीच्या वापरात इजा संभवत नाही असं दिसलं, तर तो इशारा गाळायला देश मुभा देऊ शकतात. सगळ्याच डब्यांवर लाल चौकोन आले तर कुणी बघणार नाही, हे म्हणणं मला कळतं. युक्तीनं वापरलं तर विषही औषध होतं, हे चरकसंहितेलाही मान्य आहे. पण तिथे मात्रा ठरवायला वैद्य समोर बसलेला असतो.

‘नेहमीचा वापर’ ठरवताना डोळ्यांसमोर एकच घर असतं. आमच्या सोसायटीतल्या मावशी सकाळपासून पाच घरांची बाथरूम घासतात, बहुतेक उघड्या हातांनी. पाच घरांचा थोडा थोडा वापर एकाच शरीरात जातो. त्यांच्या वतीनं ‘एवढ्यानं काही होत नाही’ असं ठरवण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. कित्येक घरांत तर उरलेलं अ‍ॅसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून बेसिनखाली ठेवतात. तिथे लेबलच उरत नाही.

निर्यातीचा डबा मी मावशींना दाखवला. हात झिजण्याचं चित्र बघून त्या म्हणाल्या, “हे वापरल्यावर हात धुवायचे, होय ना ताई?” म्हणजे जगानं मान्य केलेली खूणही त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. वरिष्ठांना दिलेल्या टिपणात मी दोन गोष्टी मागितल्या आहेत: त्रिकोणासकट निर्यातीचाच डबा इथेही द्यावा, मराठीत आणि हिंदीत, आणि छपाईआधी मजकूर मावशींसारख्या बायांना दाखवून त्यांना काय कळलं ते लिहून घ्यावं. पहिलीचा खर्च काढायला सांगितलंय. दुसरीवर अजून चर्चा नाही, आणि माझा आग्रह तिच्यासाठीच जास्त आहे.