स्मरणरंजन आणि यंत्र

जुन्या घरगुती संगणकांविषयी आज जी हुरहुर व्यक्त होते, तिचे नैतिक स्वरूप तपासून पाहण्याजोगे आहे. १९८१ चा ऑस्बोर्न-१ सुवाह्य म्हणवला जाई, आणि त्याचे वजन सुमारे ११ किलो होते. १९८२ च्या स्पेक्ट्रमची स्मृती फार तर ४८ किलोबाइट. मर्यादा अशा उघड असल्यामुळेच जिज्ञासू माणसाला ते यंत्र जवळजवळ समग्र जाणता येई. हुरहुर लागते ती या जाणतेपणाची.

परंतु स्मरणरंजन निवडक असते. हुगळीकाठच्या बजबजसारख्या ज्यूट गिरण्यांच्या गावात यंत्र म्हणजे प्रथम उपजीविका. तेथून जवळच, कलकत्त्यात, १९६० च्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला, तो नोकऱ्या जाण्याच्या भयाने. पुढे १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून बीबीसी मायक्रो शाळांत आले. तेही निवडक शाळांतच.

म्हणजे एकाच वस्तूच्या तीन स्मृती संभवतात: आनंदाची, भयाची आणि वंचनेची. पहिलीच तेवढी जपणारा काळाविषयी अर्धसत्य सांगतो. यंत्र जाणण्याचा जो आनंद थोड्यांना लाभला, तो सर्वांचा हक्क मानणे, हीच त्या हुरहुरीची प्रामाणिक परिणती ठरेल.