अडकलेले टोपण

शास्त्रपाठ : योहान ४:५-२६, गलतीकरांस पत्र ६:१-२



नागपुराहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वडकी, करंजी व पांढरकवडा ह्या गावांवरून जातो आणि पुढे पैनगंगा ओलांडून आदिलाबादेकडे वळतो. गेल्या कापसाच्या हंगामात त्या रस्त्याच्या कडेस, एका ट्रक दुरुस्तीच्या दुकानापाशी, मला बराच वेळ थांबावे लागले. तेथे जे मी पाहिले त्यावरून माझ्याच एका जुन्या अपराधाची मला आठवण झाली. ती आज आपणांपुढे ठेवतो.

गाठींनी भरलेला एक ट्रक तेथे उभा होता. पुढच्या चाकातून घरघर ऐकू येत होती. चालकाने वाटेत उतरून चाकाच्या मध्यभागाजवळ उलटा हात नेऊन पाहिला, तो तेथे आच लागली. बैलगाडीच्या कण्याला वंगण लागते, हे आपणांस ठाऊकच आहे. वंगण सुकले म्हणजे गाडी कुरकुरते. ट्रकच्या पुढच्या चाकात त्याच कामासाठी निमुळत्या रोलरांचे बेअरिंग असते. अशा बेअरिंगचे पेटंट सन १८९८ मध्ये हेन्री टिमकेन ह्या गृहस्थाने घेतले. तो अमेरिकेतील सेंट लुई शहरी घोडागाड्या बनविणारा कारागीर होता. त्या बेअरिंगमधील ग्रीस बाहेर जाऊ नये व रस्त्याची धूळ आणि पाणी आत शिरू नये म्हणून त्यावर पातळ पत्र्याचे एक टोपण घट्ट ठोकून बसविलेले असते. ते काढल्यावाचून आतील दुखणे दिसत नाही.

हे टोपण मात्र गंजून गेले होते, आणि त्यावर काळ्या मातीचा थर वाळून दगडासारखा झाला होता. दुकानातील पोऱ्याने मोठा हातोडा उचलला व टोपणाच्या बाजूवर जोराने घाव घातला. पत्रा चेपला आणि टोपण अधिकच रुतून बसले. तेव्हा वृद्ध मिस्त्री जवळ येऊन म्हणाला, "बापू, टोपणाशी आपलं भांडण नाही. आपल्याला आतलं बेअरिंग वाचवायचं आहे."

मग त्याने प्रथम मागील चाकांना दगड लावले आहेत ना, व उचललेल्या आखाखाली भक्कम घोडी आहे ना, हे पाहिले. तारेच्या ब्रशाने कडेची माती झाडली. गंज सोडविणारे पातळ तेल सांध्यात सोडले आणि तो स्वस्थ चहा पीत बसला. नंतर लाकडी हातोडीने कडेवर चोहोंकडून हलके ठोके दिले. मग पातळ छिन्नी सांध्यात धरून एक लहानसा ठोका. चाक थोडे फिरवून समोरच्या बाजूस दुसरा. पुन्हा फिरवून तिसरा. एकाच जागी त्याने जोर केला नाही. केसभर फट पडली, ती बोटभर झाली, आणि टोपण त्याच्या हाती आले.

आत पाहिले तो ग्रीस सुकून काळे पडले होते, पाण्याने गंज धरला होता, आणि उष्णतेने रोलरांवर निळसर झाक आली होती. मिस्त्री म्हणाला, "अजून थोडं गेलं असतं, तर चाक जाम होऊन गाडी उलटली असती."

बंधुजनहो, आता माझा अपराध सांगतो. सन २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरली, हे आपण विसरला नाही. त्या वर्षी आमच्या मंडळीतील एक कुटुंबवत्सल बंधू उपासनेस येईनासा झाला. मी त्याच्या घरी गेलो नाही. चौथ्या रविवारी मी व्यासपीठावरून आळशी व थंड पडलेल्या विश्वासणाऱ्यांविषयी असे कठोर बोललो की, रोख कोणावर आहे हे साऱ्यांस कळले. त्याची पत्नी मान खाली घालून बसली होती. पुढल्या रविवारी तीही आली नाही. मी हातोडा चालविला होता, आणि टोपण अधिक रुतले होते.

तेव्हा मंडळीतील एक वृद्ध वडील त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. पहिल्या संध्याकाळी बैलांविषयी बोलले, दुसऱ्या संध्याकाळी पावसाविषयी. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी हळूच विचारले, "बाबा, सावकाराचं किती देणं आहे?" तो मनुष्य ढसढसा रडला. कर्ज सांगितले, लाज सांगितली, आणि आपला जीव देण्याचा जो विचार मनात घोळत होता तोही सांगितला. त्या रात्री वडिलांनी त्याला एकटे सोडले नाही. सकाळी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले, नंतर बँकेत गेले. गावात कोणाला एक शब्द कळला नाही. पुष्कळ दिवसांनी त्या बंधूनेच मला हे सांगितले, आणि नाव न देता इतरांस सांगण्याची परवानगी दिली.

ह्यावरून तीन गोष्टी मनात धरा.

पहिली ही की, तेल आधी व छिन्नी मागून. याकोबाच्या विहिरीवर प्रभूने शोमरोनी स्त्रीचे पाप प्रथम काढले नाही. त्याने तिच्याकडे पिण्यास पाणी मागितले, तिच्या प्रश्नांना उत्तरे दिली, आणि मगच तिच्या पाच पतींची गोष्ट निघाली. सत्य त्याने लपविले नाही. परंतु त्या सत्याने ती चिरडली गेली नाही, मोकळी झाली. छिन्नी लागतेच, पण तिचा घाव हलका व योग्य सांध्यावर असावा. चुकलेल्यास सौम्यतेने ताळ्यावर आणा व स्वतःकडेही लक्ष ठेवा, असे पौल गलतीकरांस शिकवितो, त्याचा अर्थ हाच.

दुसरी ही की, तापलेल्या चाकाने पुढे जाऊ नये. आपल्या ह्या जिल्ह्यात कर्जाच्या ओझ्याखाली कित्येक शेतकऱ्यांनी आपला प्राण दिला आहे. चाक मोडण्यापूर्वी घरघरते व तापते. मनुष्य गप्प होतो, घराबाहेर पडत नाही, निरवानिरवीची भाषा बोलतो. असे दिसताच हात लावून पाहा. त्याला स्पष्ट विचारा, एकटे सोडू नका, त्याच्या घरच्यांस जागे करा व डॉक्टरांकडे न्या. येथे "मी वचन दिले आहे" म्हणून गप्प राहू नये. जीव वाचविणे हे पहिले.

तिसरी ही की, टोपण पुन्हा बसवावे. मिस्त्रीने बेअरिंग नवे घातले व तळहाताने रोलरांत ग्रीस दाबून भरले. चाक फिरवीत नट आवळला व किंचित सैल केला, आणि त्यात नवी पिन घातली. शेवटी, चेपलेले टोपण धूळ अडवीत नाही म्हणून, नवे टोपण कडेवर सारखे ठोकून बसविले. उघडा ठेवलेला कणा दोन कोसांत धुळीने भरेल. ज्याने तुम्हांपुढे अंतःकरण उघडले, त्याचे गुपित पाणवठ्यावर व चावडीवर मांडू नका. प्रीती पापांची रास झाकते, असे पेत्र लिहितो. ती दुखणे बरे करून झाकते, न पाहता नव्हे.

आणि आपल्या स्वतःच्या टोपणाचे काय? त्या वडिलांपुढे जाऊन माझी कठोरता मी कबूल केली, तेव्हा त्यांनी मला रागे भरले नाही. मला चहा दिला, आणि मग त्या बंधूच्या घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आले.

ह्या आठवड्यात प्रत्येक उपदेशकाने एका तरी घरी जावे, जेथील मनुष्य उपासनेस दिसत नाही. रिकाम्या हाती जा, परंतु घाईने जाऊ नका.

हे प्रभू, आमच्या हातातील हातोडा खाली ठेव, आमच्या जिभेस तेल दे, आणि जे आत जळत आहेत त्यांच्यापर्यंत आम्हांस वेळेवर पोहोचव. आमेन.