सतरा क्रमांकाची सायकल

जपानच्या होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाशी हागी नावाचे एक जुने दुर्गनगर आहे. त्याच्या गल्ल्यांतून वाटाड्याबरोबर सायकलीवर हिंडण्याचा योग मला एका मे महिन्यात आला, आणि ज्या दुर्गावरून त्याला दुर्गनगर म्हणावयाचे तो दुर्गच तेथे नाही, ही गोष्ट आरंभीच सांगून टाकलेली बरी. १६०० साली सेकिगाहाराच्या रणात जो पक्ष हरला त्याचा प्रमुख मोरी तेरुमोतो याचा बहुतेक मुलूख विजयी तोकुगावांनी खालसा केला, सुवो आणि नागातो हे दोन प्रांत तेवढे त्याच्याकडे ठेवले. तेव्हा दोन नद्यांच्या मुखांमधल्या सखल भूमीवर, शिझुकी डोंगराच्या पायथ्याशी, त्याने १६०४ साली नवी राजधानी वसवावयास घेतली. तिचा पाचमजली मनोरा अडीचशेहून अधिक वर्षे उभा राहिला आणि १८७४ साली मेईजी राजवटीत पाडला गेला. आज तेथे जोत्याचे दगड आणि खंदकाचे पाणी एवढेच आहे. इतर कित्येक शहरांनी आपापले गेलेले मनोरे काँक्रीटचे करून पुन्हा उभे केले. नागोयाचा असा मनोरा १९५९ सालचा. हागीने ती हौस केली नाही.

आमचा वाटाड्या, एक निवृत्त शाळामास्तर, पुढच्या टोपलीत एदो, म्हणजे तोकुगावांच्या, काळातल्या नकाशाची नक्कल घेऊन निघाला होता. "वाट चुकलात तर यात बघा," तो म्हणाला. मला ती थट्टा वाटली, ती नव्हती. १८६३ साली मोरींचा दरबार यामागुचीला हलला, १९२५ साली आगगाडी आली तीही गावाला वळसा घालून कडेकडेने गेली, आणि त्यामुळे गल्ल्या रुंद करण्याची निकड कोणाला भासली नाही. उपेक्षेने जे राखले ते आस्थेच्या हाती सुखरूप राहिले असते की नाही, याची मला शंकाच आहे.

होरिउची भागात, जेथे वरच्या दर्जाच्या सरदारांचे वाडे होते, किल्लीच्या दात्यांसारखी काटकोनी वळणे आहेत. चालून आलेल्या शत्रूला पुढचे दिसू नये म्हणून ती मुद्दाम ठेवलेली. त्यांपैकी एका वळणावर मी ब्रेक दाबला तो इतक्या उशिरा, की माझे कोपर मातीच्या भिंतीला घासले आणि बाहीवर पिवळसर धूळ उमटली. शत्रू उरला नाही, राखावयाचा धनी उरला नाही, आणि वळण मात्र आपले काम चोख बजावीत होते. भिंतीपलीकडून नात्सुमिकानच्या, म्हणजे उन्हाळी संत्र्यांच्या, फुलांचा दरवळ येत होता, आणि त्याच झाडांवर पिकली फळेही लोंबत होती. ही झाडे सामुराईंच्या वैभवाची नव्हेत. १८७१ साली संस्थाने बरखास्त झाली (त्या उलथापालथीत ज्याचा पुढाकार होता तो किदो ताकायोशी याच गावच्या एका वैद्याच्या घरचा), पुढे १८७६ साली पिढीजात तनखे बंद होऊन हाती रोखे पडले, आणि पोट भरण्यासाठी त्या मंडळींनी वाड्यांच्या आवारांत संत्री लावली. ज्या भिंतींनी इभ्रत झाकली त्याच आता फळांना वाऱ्यापासून आडोसा देऊ लागल्या.

येथेच माझ्या सायकलीची चेन पडली. वाटाड्याने ती बसविता बसविता त्या सायकलीची वंशावळ सांगितली: चेन गेल्या वर्षीची, टायर त्याआधीचे, सीट दुसऱ्या एका मोडीत काढलेल्या सायकलीची. मडगार्डावरचा १७ हा आकडा मात्र जुनाच. रंग उडाला की त्यावरूनच पुन्हा गिरवतात. मिलिंद राजाला त्याच्याच रथावरून निरुत्तर करणारा भिक्षू नागसेन मला आठवला नसता तरच नवल. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जूही नव्हे. रथ हा या साऱ्यांच्या मेळाला दिलेला व्यवहारापुरता संकेत, आणि मनुष्याचे नावही तसेच. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच म्हणता येत नाही, निराळीही म्हणता येत नाही. हागी हे असेच नाव मानले, तर मनोऱ्याचे दुःख करण्याचे प्रयोजन राहत नाही.

पण शंकराचार्यांनी बौद्ध क्षणिकवाद्यांना ज्या पेचात पकडले तो पेच इतक्या सहजासहजी सुटत नाही. काल पाहिलेले आज ओळखावयाचे, तर पाहणारा आणि ओळखणारा एकच असला पाहिजे. आणि दोन्ही वस्तू केवळ सारख्या आहेत असे म्हणावे, तरी ते सारखेपण जाणण्यासाठी दोन्ही क्षणांना हजर असलेला कोणीतरी लागतोच. नकाशा आणि गल्ली यांचा मेळ आहे हे ना नकाशाला ठाऊक, ना गल्लीला. तो मेळ त्या शाळामास्तराच्या ठायी होता, आणि म्हणून माझा कौल बराचसा आचार्यांच्या बाजूने झुकत होता. मी त्याला तसे सुचविले तेव्हा चेनचे काळे हात गवताला पुसत तो म्हणाला, "मला कुठे काय आठवते? माझ्याआधी जे माणसे फिरवीत ते या वळणावर थांबून जे सांगत, तेच मी सांगतो." म्हणजे पुन्हा ज्योतीवरून लावलेली ज्योतच.

संध्याकाळी आम्ही सायकली परत केल्या. दुकानातल्या वृद्ध बाईंनी वही उघडली, सतराच्या आकड्यापुढे खूण केली, आणि सही करण्यासाठी शेजारच्या रकान्यावर बोट ठेवले. त्याआधीच्या रकान्यात सकाळी त्यांनी माझे नाव आपल्या लिपीत लिहून घेतले होते. ती पाच अक्षरे मी पुन्हा पुन्हा न्याहाळली. एकही ओळखीचे वाटेना. "हे आपणच ना?" वाटाड्याने विचारले. बाईंनी होकारार्थी मान हलविली, आणि मी सही केली.