जुळवणाऱ्यानं जाब द्यावा

डेटिंग ॲपनं मनासारखा जोडीदार शोधून दिला नाही, ही तक्रार मला चुकीची वाटते. तसा जोडीदार आधीच हेरून देणं आजवर कुठल्याही गणिताला जमलेलं नाही. २०१२ साली एली फिंकेल आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी जोड्या जुळवणाऱ्या संकेतस्थळांचे दावे तपासले, तेव्हा त्यांना भरवशाचा पुरावा सापडला नाही. २०१७ च्या एका अभ्यासात अनोळखी स्त्री-पुरुषांकडून लांबलचक प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि मग त्यांना थोडा थोडा वेळ समोरासमोर बसवलं. एकूणात कोण अनेकांना आवडेल, याचा अंदाज संगणकाला काहीसा आला. अमक्याला नेमकी तमकीच का आवडली, ते मात्र कळलं नाही. ओढ भेटीत निर्माण होते. त्याआधी भरलेल्या माहितीत ती नसतेच.

ॲपचा खरा दोष वेगळा आहे आणि तो मोठा आहे. जे जमत नाही ते जमतं असं सांगून ते पैसे घेतं. २०१४ साली ओकेक्युपिड या डेटिंग संकेतस्थळाचे एक संस्थापक ख्रिश्चन रडर यांनी स्वतःच जाहीर केलं, की जेमतेम ३० टक्के जुळणाऱ्या काही जोड्यांना आम्ही '९० टक्के जुळतं' असं मुद्दाम दाखवलं. ती माणसं त्या आकड्यावर विसंबून एकमेकांशी जास्त बोलली. आपल्याकडे स्थळ सुचवणाऱ्या एखाद्या काकांनी किंवा मावशींनी असं केलं असतं, तर दोन्ही घरांत त्यांना पुन्हा कुणी उभं केलं नसतं. त्या मध्यस्थीत जात होती, हुंडा होता, मुलीच्या मनाला किंमत नव्हती. ती परत यावी असं मला मुळीच वाटत नाही. पण सुचवलेल्या स्थळाचा जाब त्या माणसाला चारचौघांत द्यावा लागे. ॲपला तो द्यावा लागत नाही. शिवाय जोडी जमली की त्याचे दोन ग्राहक कमी होतात. आपल्याला कुणी पसंत केलं हे पाहायला दरमहा पैसे भरणारा मात्र एकटा असेतोवर भरत राहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये टिंडर आणि हिंज चालवणाऱ्या मॅच ग्रुपवर अमेरिकेत दावा झाला, तो ही ॲप्स मुद्दाम सवय लागावी अशी बनवली आहेत, या आरोपावरून. कंपनीनं आरोप नाकारला.

आपणही सुटत नाही. शादी डॉट कॉमवर २०२० च्या जूनपर्यंत कातडीच्या रंगानुसार स्थळं गाळण्याची सोय होती. लोकांनी आवाज उठवल्यावर ती काढली गेली. पण 'गोरी हवी' ही अट कंपनीनं शोधलेली नव्हती. ती आपल्या घरांतून, वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींतून तिथवर पोचली होती. आणि पंधरा दिवस रोज बोलून एके दिवशी काही न सांगता गप्प होणं, हा क्रूरपणा कुठलंही ॲप आपल्याकडून करून घेत नाही. पलीकडची व्यक्ती त्यानंतर कित्येक दिवस आपलं काय चुकलं ते शोधत बसते.

म्हणून माझ्या मते जमत नाही याचा दोष ॲपला देऊ नये, जमेल असं सांगून पैसे घेण्याचा जरूर द्यावा, आणि माणसांना कसं वागवलं याचा हिशेब आपला आपण द्यावा. तुम्ही या ॲपवर असाल तर टक्क्यांकडे पाहू नका, महिनाभर नुसते टाइप करत राहू नका, लवकर एखाद्या गजबजलेल्या जागी भेटा. आणि नाही जमलं, तर 'नाही' एवढं तरी लिहून कळवा.