थ्रोमधला पीळ

‘थ्रो’ हा इंग्रजी शब्द मराठी मुलाला पहिल्या दोन-तीन इयत्तांतच भेटतो आणि तेव्हाच कळून संपतो. थ्रो म्हणजे फेकणे. पुढे मात्र तो छळायला लागतो. इंग्रजीत पार्टीही ‘थ्रो’ करतात, आणि सामना ‘थ्रो’ केला म्हणजे खेळाडू मुद्दाम हरलेला असतो. सोफ्यावर पसरलेली शोभेची चादर, तीही थ्रोच. आणि जवळचं घर त्यांच्याकडे दगड फेकला तर पोहोचेल इतक्या अंतरावर असतं. आपल्याकडे ते हाकेच्या अंतरावर असतं. (शेजाऱ्याशी वागण्याच्या दोन तऱ्हा, दुसरं काय!)

पण खरी गंमत आहे कुंभाराच्या चाकाशी. इंग्रज कुंभार चाकावर मडकं ‘थ्रो’ करतो. तिथे फेकण्यासारखं काहीच नसतं. उलट ओला गोळा मध्यावरून केसभरही सरकू नये म्हणून तो हात घट्ट रोवून बसलेला असतो. मातीचा गोळा चाकावर जोरात आपटतात म्हणून हा शब्द आला, असं काही जण सांगतात. ऐकायला पटतं, पण खरं नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थच वळवणे, पिळणे, फिरवणे असा होता. त्याचा जर्मन भाऊबंद ‘ड्रेहेन’ आजही फिरवण्याचंच काम करतो. शब्दाचा अर्थ बदलला तेव्हा कुंभार आपल्या चाकापाशीच बसून राहिले आणि जुना अर्थ त्यांच्या हातात टिकला.

मग जुने इंग्रज फेकण्याला काय म्हणत? ज्या शब्दाचं आजचं रूप ‘वॉर्प’ आहे, तो शब्द वापरत. आणि आज वॉर्प म्हणजे काय, तर पावसाळ्यात फुगून वाकडी झालेली, पीळ पडलेली दाराची फळी. फेकणारा शब्द पिळायला लागला आणि पिळणारा फेकायला. मधल्या काळात नॉर्स लोकांबरोबर आलेल्या ‘कास्ट’नेही फेकण्याची कामगिरी सांभाळली, पण रोजच्या बोलण्यात शेवटी थ्रोनेच बाजी मारली.

हा जुना पीळ आणखी एका धंद्यात राहिला, तो म्हणजे रेशमाच्या. कोशावरून उलगडलेले तंतू इतके तलम असतात की ते पिळून एकत्र आणल्याशिवाय मागावर टिकाव धरत नाहीत. या पिळण्याला इंग्रजीत ‘थ्रो’ करणे म्हणतात. इंग्लंडमध्ये डर्बी इथे डरवेंट नदीवर थॉमस लोंब आणि त्याचा सावत्र भाऊ जॉन यांनी याच कामासाठी पाण्याच्या चाकावर चालणारी गिरणी उभारली. ती १७२१ च्या सुमारास पुरी झाली. जगातल्या आरंभीच्या कारखान्यांत तिची गणना होते. यंत्रांची रचना जॉनने इटलीतल्या पीडमाँटमध्ये जाऊन गुपचूप उतरवून आणली, असं सांगतात. फेकण्याशी काडीचाही संबंध नसलेली ही ‘थ्रो’ची गिरणी यंत्रयुगाच्या अगदी दाराशी उभी आहे.

वळवणे या अर्थापासून हा शब्द फेकण्यापर्यंत कसा सरकला असेल? मला तरी उत्तर खांद्यात दिसतं. पिळल्याशिवाय फेकता येत नाही. ज्वारीच्या शेतात पाखरं हाकणारा राखण्या गोफण आधी डोक्याभोवती गरगर फिरवतो, दगड नंतर सुटतो. आपलं ‘भिरकावणं’ उच्चारतानाही कानाला आधी ती भिरभिरच ऐकू येते. थाळीफेक करणारा अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात साधारण दीड गिरकी घेतो, हातोडाफेक करणारा तीन-चार. मैदानावर आपण पाहतो ती फेक, पण मेहनत जाते ती गिरकीवर.

गिरकीला बंदी आहे ती भालाफेकीत. १९५६ साली फेलिक्स एराउस्किन या बास्क खेळाडूने थाळीफेकीसारखी गिरकी घेऊन भाला सोडायला सुरुवात केली आणि अंतरं एकदम वाढली. पण गिरकीतून सुटलेला भाला कुठल्या दिशेला जाईल याचा नेम नसे, आणि प्रेक्षक तर चारही बाजूंना बसलेले. आंतरराष्ट्रीय महासंघाने ती पद्धत लगेच बंद केली. आजही भाला हातातून सुटेपर्यंत खेळाडूने पूर्ण वळून फेकीच्या दिशेकडे पाठ करायची नाही, असा नियम आहे. अर्धवट पिळाला मात्र कुणाची हरकत नाही. नीरज चोप्राची धाव सावकाश लावून बघा. शेवटच्या पावलांत कंबर पुढे वळू लागलेली असते आणि भाल्याचा हात अजून मागेच असतो.