‘मुद्दाम केलं नाही’ एवढं पुरेसं आहे का?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २५. सात्त्विक, राजस आणि तामस असे कर्माचे तीन प्रकार भगवंत सांगतात, त्यातला हा शेवटचा.

तामस कर्म म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? व्यसन, मारामारी, कुणाचं तरी वाईट चिंतणं. पण हा श्लोक सावकाश वाचून बघा. त्यात द्वेषाचं नावही नाही. चार गोष्टी न पाहता, मोहाच्या भरात सुरू केलेलं काम म्हणजे तामस, एवढंच भगवंत म्हणतात. त्या चार गोष्टी अशा : अनुबंध, म्हणजे या कामामागून काय काय ओढवेल, क्षय, म्हणजे यात काय वाया जाईल, हिंसा, म्हणजे कुणाला इजा होईल का, आणि पौरुष, म्हणजे हे मला झेपणारं आहे का.

‘न पाहता’ यासाठी श्लोकात ‘अनपेक्ष्य’ असा शब्द आहे. त्यात ‘ईक्ष्’ हा पाहण्याचा धातू आहे. परीक्षा, निरीक्षण हे शब्द त्याच घरातले. म्हणजे कर्म तामस व्हायला मनात वाईट असावंच लागतं असं नाही. बघायला हवं होतं आणि बघितलं नाही, एवढंही पुरतं.

आता हे आपल्या रोजच्या जगण्यात आणून ठेवू. बाल्कनीच्या कठड्यावर न बांधता ठेवलेली कुंडी. मागून कुणी येतंय का ते न बघता उघडलेलं गाडीचं दार. जिना पुसून तसाच ओला सोडून जाणं. कुत्र्याला पट्टा न लावता खाली फिरायला नेणं. संक्रांतीला हौसेनं आणलेला नायलॉनचा मांजा. यातलं कुणीही कुणाचं वाईट करायला निघालेलं नसतं. आणि कुणाला लागलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “अहो, मुद्दाम थोडंच केलं?”

हे वाक्य खोटं नसतं. पण ते पुरेसं असतं का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरून एक कुंडी वाऱ्यानं खाली आली. खाली पार्सल द्यायला आलेला मुलगा उभा होता. त्याच्या खांद्यावर ती पडली आणि कॉलरबोन मोडलं. घरमालक तसे सज्जन, नित्यनेमानं हरिपाठ म्हणणारे. ते त्याला दवाखान्यात घेऊन गेले, बिलही भरलं. पण नंतर बैठकीत विषय निघाला तेव्हा म्हणाले, “त्याचं प्रारब्ध. डोक्यावर नाही पडली ही पांडुरंगाची कृपा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. सहा आठवडे त्या मुलाला गाडी चालवता येणार नव्हती. त्याचं घर कसं चालायचं, हा प्रश्न बैठकीत कुणीच काढला नाही.

त्या दिवसापासून मी यावर विचार करते आहे. आपण भक्तिमार्गातली माणसं. प्रारब्ध, दैव, देवाची इच्छा हे शब्द आपल्या तोंडी सहज येतात. ते शब्द खरे आहेत. पण ते कुणी कुणासाठी वापरायचे?

याच अठराव्या अध्यायात थोडं आधी, चौदाव्या श्लोकात, कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं सांगितलंय : अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. दैव तिथे आहे, पण पाचात एक म्हणून. वारा सुटणं हे दैव. त्या मुलाचं नेमकं त्याच क्षणी तिथे उभं असणं हेही दैव. पण कुंडी कठड्यावर ठेवणारा कर्ता त्या यादीत दैवाच्याही आधी येतो. माझ्यावर दुःख आलं की मी त्याला प्रारब्ध म्हणावं आणि मन शांत करावं, हे शहाणपण. माझ्या हातून दुसऱ्यावर दुःख आलं की त्याला त्याचं प्रारब्ध म्हणणं, ही पळवाट.

गंमत म्हणजे आपल्या देशाचा कायदाही याच वाटेनं विचार करतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १८ मध्ये निव्वळ अपघाताला गुन्ह्यातून वगळलंय. पण अट आहे : काम कायदेशीर हवं, रीतसर हवं, मनात गुन्ह्याचा हेतू किंवा जाणीव नको आणि योग्य ती काळजी घेतलेली हवी. तिथे उदाहरण कुऱ्हाडीचं आहे. कुणी कुऱ्हाडीनं काम करतोय, पातं निसटून उडालं आणि शेजारी उभा असलेला माणूस गेला. काळजीत कसर नसेल तर तो गुन्हा नाही. दांडा ढिला आहे हे दिसत असूनही घाव घालत राहिला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. निष्काळजीपणानं कुणाचा जीव गेला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. इतरांच्या जिवाला धोका होईल असं अविचारानं वागल्यास कलम १२५ लागतं, आणि इजा किती गंभीर त्यावर शिक्षा वाढते. पोलिसांच्या कागदात ‘अविचाराने आणि हयगयीने’ असे शब्द आपण वाचतो. मला तर त्या दोन शब्दांत ‘मोह’ आणि ‘अनपेक्ष्य’ ऐकू येतात.

आता रामायणातली एक गोष्ट, जी आपण लहानपणापासून ऐकतो पण या अंगानं क्वचितच बघतो. श्रावणबाळाची. वाल्मीकींनी त्या मुलाचं नाव दिलेलं नाही, पण कथा तीच. पावसाळ्याचे दिवस, शरयूचा काठ, अंधार. तरुण दशरथाला पाण्यात घट भरल्याचा आवाज येतो. हत्ती पाणी पितोय असं वाटून तो आवाजाच्या रोखानं बाण सोडतो. मग ऐकू येतो माणसाचा आक्रोश.

दशरथाच्या मनात काहीच वाईट नव्हतं. त्या मुलाला तो ओळखतही नव्हता. मग चुकलं कुठे? तो शब्दवेधी होता, न बघता नुसत्या आवाजावर नेम धरू शकणारा. हीच त्याची ख्याती आणि इथेच घात. कौशल्याच्या भरवशावर त्यानं बघायचं सोडलं. आज मोबाइलवर बोलत एका हातानं दुचाकी चालवणारा मित्रही हेच म्हणतो, “अरे, माझा हात बसलाय.” चार गोष्टींमध्ये ‘पौरुष’ का आहे ते इथे कळतं. आणि ज्याचा हात अजून बसायचाच आहे त्याचं काय? अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्यानं गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

पण दशरथाची गोष्ट बाणापाशी संपत नाही. तो पळून जाऊ शकला असता. रात्र होती, बघणारं कुणी नव्हतं. तो आवाजाच्या दिशेनं गेला. तो मुलगा सांगतो, माझ्या आई-वडिलांकडे जा. दशरथ पाण्यानं भरलेला घट घेऊन त्या आंधळ्या आई-वडिलांसमोर उभा राहतो आणि स्वतःच्या तोंडानं सांगतो, हे माझ्या हातून घडलं. त्यावर त्या पित्याचं बोलणं लक्षात ठेवण्यासारखं आहे. तू स्वतः येऊन सांगितलं नसतंस तर तुझ्या मस्तकाची शकलं झाली असती. आणि हे नकळत घडलं म्हणून तू जिवंत आहेस, नाहीतर तुझं कुळही राहिलं नसतं. म्हणजे नकळत घडल्याची सूट मिळाली, स्वतः कबूल केल्याचीही सूट मिळाली. तरी पुत्रशोकाचा शाप चुकला नाही. एका घरातला मुलगा गेला होता, त्याचं ओझं कुणाला तरी उचलायचं होतंच.

कायदाही हे दोन प्रश्न वेगळे ठेवतो : दोष कुणाचा, आणि भार कुणी उचलायचा. पहिल्याचं उत्तर ‘फारसा कुणाचाच नाही’ असं आलं तरी दुसरा उरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये अपघातात मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये भरपाई आहे, आणि ती मागताना गाडीवाल्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. म्हणून थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे. तो वेळेवर भरणं हे मला एखाद्या नेमासारखं वाटतं. ज्याला मी ओळखत नाही त्याच्यासाठी आधीच काढून ठेवलेला वाटा आहे तो.

आणि त्याच कायद्याचं कलम १३४ म्हणतं, अपघात झाला तर चालकानं जखमीला उपचार मिळवून द्यायचे, जमावाचा रोष किंवा हाताबाहेरचं काही कारण असेल तेवढाच अपवाद. आणि पोलिसांना लवकरात लवकर, चोवीस तासांच्या आत कळवायचं. आपल्याला मित्र सल्ला देतात, “सॉरी म्हणू नकोस, अंगाशी येईल.” जबाब देताना वकिलाला जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण पडलेल्या माणसाला उचलायला वकिलाची परवानगी लागत नाही. दशरथानं निदान तेवढं केलं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. काही जण इतके हळवे असतात की सगळी काळजी घेऊनही काही घडलं तरी वर्षानुवर्षं स्वतःला माफ करत नाहीत. तुम्ही त्यातले असाल तर कुऱ्हाडीचं उदाहरण पुन्हा वाचा. दांडा घट्ट होता, तुम्ही बघितलं होतं, तरी पातं उडालं. तिथे दैवाचा वाटा दैवाला परत करा. जखमी माणसासाठी जे करता येईल ते करा, पण स्वतःला कर्त्याच्या वाट्यापेक्षा मोठं समजू नका. अतिअपराधभावातही ‘मीच सगळं करतो’ हा अहंकार लपलेला असू शकतो.

शेवटी एक प्रश्न. काळजी घ्यायची, पण नेमकी कुणाची? १९३२ साली ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर स्कॉटलंडमधलं एक प्रकरण आलं. मैत्रिणीनं घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली, अशी एका बाईची तक्रार होती. बाटली तिनं स्वतः विकत घेतली नव्हती, मग कंपनी तिचं काय देणं लागते? लॉर्ड ॲटकिन यांनी बायबलमधल्या ‘शेजाऱ्यावर प्रेम कर’ या आज्ञेचा आधार घेतला. कायद्यात ती ‘शेजाऱ्याला इजा करू नकोस’ अशी होते, आणि माझ्या कृतीची झळ ज्याला थेट लागू शकते, ज्याचा विचार मी आधी करायला हवा, तो माझा शेजारी. हे तत्त्व आपल्या न्यायालयांनीही स्वीकारलं आहे. कुंडीखालून जाणारा, दाराजवळून सायकलनं जाणारा, सगळे शेजारी.

माउलींचा शेजार तर याहूनही मोठा. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसा समजावताना अहिंसक माणूस चालतो कसा, याचंच केवढं वर्णन आहे! पायाखालच्या बारीक जिवालाही लागू नये इतकं हलकं, कमळावर उतरणाऱ्या भुंग्यासारखं ते चालणं. अहिंसा म्हणजे नुसतं ‘मी कुणाला मारत नाही’ असं नाही, तर पाऊल टाकण्याआधी खाली बघणं. कायदा आपल्याला निष्काळजीपणापासून वाचवायला बघतो. माउली त्याच्या पुढे, प्रेमानं बघायला शिकवतात.

आजचा संकल्प : घरातली एक अशी वस्तू शोधू, जिच्यामुळे अनोळखी माणसाला लागू शकतं. कठड्यावरची कुंडी आत घेऊ, स्कूटरचे ब्रेक तपासून घेऊ, जिन्यातल्या चपला बाजूला करू. नामस्मरण करत करत केलं तरी चालेल. आणि कुणाच्या हातून काही घडलंच असेल तर त्याला ‘प्रारब्ध’ म्हणून मोकळं करण्याऐवजी एवढंच विचारू, “त्या माणसाचं आता कसं चाललंय?”

रामकृष्णहरी.